तालीम रात्री एकला संपते, मग सकाळी पाठांतर का आठवत नाही?

नमस्कार मंडळी! पुरुषोत्तम करंडकाचे दिवस जवळ आले की पुण्यातल्या कॉलेजांत एक वेगळीच जमात दिसायला लागते. डोळे तारवटलेले, आवाज बसलेला, लेक्चरला दांडी आणि हातात चहा. 1963 पासून चालत आलेली कॉलेजांची एकांकिका स्पर्धा आहे, पोरं जीव ओततात. आजचा व्हिडिओ त्यांच्यासाठी. रात्र रात्र जागून लिहिणाऱ्यांनी, चित्रं काढणाऱ्यांनी बघितला तरी चालेल.

आधीच सांगते, बदाम खाऊन कुणाला नाटक सुचत नाही. पण जे सुचलंय ते रात्री दहाच्या रन-थ्रूला नीट उतरायचं तर अंगात त्राण हवं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, आणि आराम करतानाही खर्च होणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तोच खातो.

(चहाचा ग्लास उचलून) हा घ्या, रात्री नऊचा चहा. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं, त्यातून झोप दाटते. कॅफिन ते हटवत नाही, नुसतं त्याच्या जागेवर ठाण मांडून बसतं. थकवा तिथेच असतो, तुम्हाला कळत नाही एवढंच. प्यायलेल्यापैकी निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी, कुणाला जास्त. म्हणजे पहाटे दोनला तुम्ही छताकडे बघत पडलेले असता, तेव्हा या ग्लासातलं निम्मं अजून अंगात फिरतंय.

आणि झोप गेली की पाठांतर गेलं. 1924 साली कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला लावली. पाठ करून झोपल्यावर जेवढं आठवलं, त्याहून तितकाच वेळ जागं राहिल्यावर बरंच कमी आठवलं. नंतरच्या संशोधनातही झोपेत आठवणी पक्क्या होतात हेच दिसत आलंय. म्हणून माझं स्पष्ट मत: रात्री अकरानंतरची तालीम ही तालीम नाही, हौस आहे. संवाद झोपायच्या आधी अर्धा तास वाचा आणि दिवा घालवा.

आता आवाज. तालीम सुटली की गाडीवर भुर्जी-पाव नाहीतर शेजवान राईस हाणायचा आणि घरी जाऊन आडवं व्हायचं. भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल वर घशापर्यंत येतं आणि स्वरतंतूंना झोंबतं. सकाळी घसा खरखरतो, सारखं खाकरावंसं वाटतं. पोरांना वाटतं, ओरडून आवाज बसला. ओरडूनही बसतोच म्हणा, पण हे छातीत जळजळ न होताही होतं, त्यामुळे संशय येत नाही. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. साडेसातला तालीम थांबवून डबे उघडा, पोळी-भाजी, भाकरी-पिठलं, काहीही. डबा नसेल तर शेंगदाणे-फुटाणे बिस्किटांपेक्षा कधीही बरे. शेंगदाण्यांत वजनाच्या पाव हिस्सा प्रथिनं असतात.

मुलींनो, हे जरा नीट ऐका. दिग्दर्शक सारखा म्हणतो ना, "एनर्जी कमी पडतेय"? कधी कधी कमी एनर्जी नसते, हिमोग्लोबिन असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये ॲनिमिया आढळला. जिना चढताना धाप, लक्ष न लागणं, सतत मरगळ असेल तर रक्त तपासून घ्या. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारून. आणि कँटीनमधल्या पोह्यांवरची लिंबाची फोड फेकू नका, पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं. मग त्याच पोह्यांवर लगेच चहा ओतलात तर चहातले टॅनिन्स ते लोह अडवतात. तासभर थांबा. (हो, मला माहितीये, पोह्यांनंतर तासभर चहा नाही हे पुण्यात सांगणं म्हणजे धाडसच.)

लेखक मंडळी, शेवट सुचत नसेल तर उठा आणि चाला. स्टॅनफर्डच्या 2014 च्या प्रयोगांत चालताना लोकांना बसल्यापेक्षा जास्त कल्पना सुचल्या, कोऱ्या भिंतीसमोरच्या ट्रेडमिलवरसुद्धा. गंमत अशी की, एकच बरोबर उत्तर शोधायचं असेल तिथे चालणाऱ्यांची कामगिरी किंचित घसरली. तेव्हा सुचवायला चाला, काटछाट करायला बसा.

प्रयोगाच्या दिवशी दोनेक तास आधी हलकं खा, पाणी घोट घोट घेत राहा, आणि रोज न खाल्लेलं काही त्या दिवशी पोटात ढकलू नका. तुमच्या ग्रुपची तालीम किती वाजता सुटते ते खाली लिहा. एकच्या पुढचा आकडा असेल तर हा व्हिडिओ दिग्दर्शकाला पाठवा, माझं नाव सांगून भांडा.