बोइंग ७४७-१०० : पहिलं जंबो

या विमानाच्या डोक्यावरचा हा उंचवटा नीट पाहा. तो शोभेसाठी दिलेला नाही.

१९६०च्या दशकात विमान कंपन्यांची खात्री होती, की लवकरच प्रवासी ध्वनीपेक्षा वेगवान विमानांनी फिरू लागतील. मग या अवाढव्य विमानाचं काय करायचं? त्यातून माल न्यायचा. नाक उचलून समोरून थेट माल आत घेता यावा, म्हणून मुख्य अभियंता जो सटर यांच्या चमूनं कॉकपिटच वरच्या मजल्यावर नेलं. त्यामागचा भाग हवेच्या प्रवाहासाठी उतरता केला, आणि हे कुबड तयार झालं. तिथं उरलेली जागा प्रवाशांनाच मिळावी, असा आग्रह पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांनी धरला. मग गोल जिना आला, वर बैठकीची खोली आली. सुरुवातीच्या विमानांत त्या खोलीला प्रत्येक बाजूला तीनच खिडक्या असत.

एप्रिल १९६६ मध्ये पॅन ॲमनं एकदम २५ विमानं मागवली. किंमत साडेबावन्न कोटी डॉलर! ९ फेब्रुवारी १९६९ला वैमानिक जॅक वॉडेल यांनी पहिलं विमान आकाशात नेलं. पण प्रॅट अँड व्हिटनीची नवी इंजिनं त्रास देत होती. जोर वाढला की त्यांचं कवच किंचित लंबगोल व्हायचं आणि पाती त्याला घासायची. तयार विमानं बोइंगच्या एव्हरेट इथल्या कारखान्याच्या आवारात इंजिनांविना उभी राहिली. पंखांना तोलासाठी काँक्रीटचे ठोकळे टांगलेले. जानेवारी १९७० मध्ये न्यूयॉर्क-लंडन या पहिल्याच प्रवासी फेरीलाही एक इंजिन तापलं, ऐनवेळी दुसरं विमान आणावं लागलं.

आपल्याकडे १९७१ मध्ये आलेलं एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे यापुढचं, ७४७-२००.

सटर यांची खरी थोरवी मात्र बाहेरून दिसत नाही. सुकाणू हलवणाऱ्या हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणा एकमेकींपासून स्वतंत्र, आणि त्याही चार. इतक्या कशाला, याचं उत्तर ३० जुलै १९७१ला सॅन फ्रान्सिस्कोत मिळालं. उड्डाण घेताना पॅन ॲमचं ७४७-१०० धावपट्टीपलीकडच्या दिव्यांच्या सांगाड्यावर आदळलं. लोखंडी पट्ट्या थेट प्रवासी कक्षात घुसल्या. चारपैकी तीन यंत्रणा निकामी झाल्या. उरलेल्या एकीच्या भरवशावर वैमानिकांनी समुद्रावर घिरट्या घालत इंधन सोडलं आणि विमान परत उतरवलं. काही जण गंभीर जखमी झाले, पण आतले सगळे २१८ जण जगले. तेच विमान दुरुस्त होऊन पुढं कित्येक वर्षं उडत राहिलं.