सण घरी, तयारी शाळेत

[पडद्यावर: शाळेचं कार्यालय. भिंतीवर वर्षाचं मोठं कॅलेंडर, त्यावर रंगीत चिठ्ठ्या.]

ख्रिस्ती प्राथमिक शाळेत वसंताची पहिली ओढाताण दिसते ती कार्यालयातल्या कॅलेंडरवर. परीक्षा, खेळांचा दिवस, पालकसभा या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच पक्क्या होतात. ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, मात्र दरवर्षी जागा बदलतो आणि बाकीच्यांना सरकून बसायला लावतो.

इसवी सन ३२५ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या निकेया इथं धर्मपरिषद भरली. सगळ्या चर्चनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा, असं तिथं ठरलं. पुढे नियम रूढ झाला तो असा: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार घ्यायचा. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली, आभाळातल्या चंद्राशी ती दर वेळी तंतोतंत जुळतेच असं नाही. त्यामुळे पाश्चात्त्य चर्चचा ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. २००८ साली तो २३ मार्चला होता, २०११ साली २४ एप्रिलला. ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन पंचांगानं मोजतात, त्यामुळे त्यांचा ईस्टर बहुतेक वेळा आणखी पुढे जातो. एकाच वर्गात दोन्हीकडची मुलं असली, की सुट्टीच्या अर्जांची संख्या वाढते.

ईस्टरच्या आधी ४६ दिवस राखेचा बुधवार. या दिवशी कपाळावर राख लावून उपवासकाळ सुरू होतो. मधले सहा रविवार वगळले, की उपवासकाळाचे ४० दिवस उरतात. २०१८ साली हा बुधवार १४ फेब्रुवारीला आला आणि ईस्टर १ एप्रिलला. सकाळी कपाळावर राख, दुपारी गुलाबी कागदाची हृदयं, आणि उपवासकाळाच्या शेवटी एप्रिल फूल. हे सगळं एकाच वर्षी सांभाळणाऱ्या शिक्षकांना मानलं पाहिजे.

[पडद्यावर: पत्र्याचा डबा. वाळलेल्या झावळ्या मोडणारे छोटे हात.]

आता ही राख येते कुठून ते पाहू. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मुलांनी ज्या झावळ्या घरी नेल्या, त्या वर्षभर क्रुसामागे खोचलेल्या असतात. फेब्रुवारीत त्या शाळेत परत येतात. कुणाची अख्खी, कुणाची विणून क्रूस केलेली. एकीला ती द्यायचीच नसते, कारण ती आजीनं विणलेली असते. बाई तिला ती ठेवू देतात.

झावळ्या मोडून डब्यात भरायच्या, डबा मोकळ्या पटांगणात न्यायचा आणि मोठ्या माणसानंच काडी लावायची. वाळलेली झावळी भसकन पेटते, मुलं दोन पावलं मागे सरकतात. डबाभर झावळ्यांची राख जेमतेम मूठभर होते. ती गाळणीतून काढायची, खलात घोटायची. काही ठिकाणी ती कोरडीच लावतात, काही ठिकाणी तेलाचा थेंब घालतात. जाणती माणसं पाणी घालायचं टाळतात, कारण राख पाण्यात मिसळली की क्षार सुटतो आणि कोवळ्या कपाळाला चुरचुरतं.

मग रांग लागते. माणूस मातीचा आहे आणि मातीतच जाणार आहे, हे सहा वर्षांच्या मुलाला कपाळावर बोट टेकवून सांगितलं जातं. एवढ्या लहान वयात हे सांगावं का, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडू शकतो. मुलं मात्र ते आपल्या पद्धतीनं घेतात. त्यांचं सगळं लक्ष राख पुसली जाऊ नये याकडे. पुढच्या तासाला गणित असतं आणि वर्गातली सगळी कपाळं काळी असतात: मुलांची, बाईंची, वजाबाकी तपासायला आलेल्या मुख्याध्यापिकांची आणि दारात उभ्या असलेल्या शिपायाचीसुद्धा.

सगळ्याच ख्रिस्ती शाळांत हे चित्र दिसेल असं नाही. कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन शाळांत राख असते. बॅप्टिस्ट किंवा रिफॉर्म्ड परंपरेतल्या अनेक शाळांना या विधीचं कारण पटत नाही. तिथं वसंत सुरू होतो तो पाठांतरानं आणि स्तोत्रांनी, आणि आठवड्याच्या उपासनेत पाळक क्रुसाकडे जाणारी गोष्ट टप्प्याटप्प्यानं सांगतात.

[पडद्यावर: वर्गातल्या जमिनीवर लांबच लांब कागद. आठ-दहा मुलं पालथी पडून रंगवताहेत.]

उपवासकाळाचा एक नियम मुलांना राखेपेक्षाही अवघड जातो. पाश्चात्त्य परंपरेत हे सगळे दिवस ‘आलेलुया’, म्हणजे ‘देवाची स्तुती करा’, म्हणायचं नाही, गायचंही नाही. म्हणून काही शाळांत तो शब्द चक्क पुरतात. मोठ्या कागदावर अक्षरं लिहायची, मुलांनी ती रंगवायची, गुंडाळी करायची आणि पेटीत घालून बागेत पुरायची. बाई धूर्त असतील तर आधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात. पावसाचा भरवसा नाही, आणि ईस्टरनंतर काळवंडलेला लगदा निघाला तर मुलांना काय सांगणार?

ही पद्धत आजची वाटली तरी जुनी आहे. आजच्या फ्रान्समधल्या तूल गावच्या चर्चच्या १५व्या शतकातल्या नियमपुस्तकात ‘आलेलुया’च्या दफनाचं वर्णन आहे. गायकवृंदातली मुलं मेणबत्त्या आणि धूप घेऊन अंत्ययात्रेसारखी मिरवणूक काढत. तेव्हाही हे काम मुलांकडेच होतं, हे मला फार आवडतं.

पुढचे सहा आठवडे कुणाच्या तरी तोंडून तो शब्द निसटतो. संगीताच्या तासाला एखादा मुलगा सवयीनं पुढची ओळ उचलतो, मधेच हात तोंडावर जातो आणि वर्ग खिदळतो.

‘या काळात मी काय सोडलं’ याची यादीही फळ्याशेजारी लागते. कॅथलिक नियमांप्रमाणे प्रौढांनाच उपवासाचं बंधन असतं आणि मांसवर्ज्यही १४ वर्षांनंतरच लागू होतं. म्हणजे प्राथमिक शाळेतलं एकही मूल काही सोडायला बांधील नाही. तरी मुलं सोडतात. मोबाइलवरचा खेळ, बहिणीशी भांडण. दरवर्षी एक महाभाग गृहपाठ सोडल्याचं जाहीर करतो, आणि दरवर्षी बाई हा विनोद पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसतात.

सोडण्याच्या जोडीला देणं येतं. प्रत्येक मुलाकडे कागदी घडीची छोटी पेटी. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत पुठ्ठ्याच्या अशा पेट्यांची मोहीम १९७५ साली पेनसिल्वेनियातल्या अ‍ॅलनटाउन इथून सुरू झाली, आणि भुकेलेल्यांसाठी पैसे जमवायची ही रीत आता चांगलीच रुळली आहे. पेट्या फोडायचा दिवस म्हणजे दुसरीच्या वर्गाचा प्रात्यक्षिक गणिताचा दिवस. जमिनीवर नाण्यांचा ढीग, दहा-दहाच्या चळती, प्रत्येक चळतीवर एक राखणदार. एक चळत कलंडते, दोन गटांची नाणी मिसळतात, मोजणी पहिल्यापासून. कुणाच्या पेटीत किती निघाले हे मात्र विचारायचं नाही. नाणी आधी एकत्र ओतायची, मग मोजायची. हा नियम ज्यानं घातला, त्याला मुलं नीट कळली होती.

[पडद्यावर: जाळीचा पिंजरा. छताला लटकलेले करडे कोश.]

खिडकीशी दुसरं एक काम चाललेलं असतं. बऱ्याच शाळांत वसंतात ‘पेंटेड लेडी’ फुलपाखरांचे सुरवंट पाळतात. सुरवंट खातो, फुगतो, वर चढून इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा उलटा लटकतो आणि कोशात जातो. आठवडा-दहा दिवसांनी फुलपाखरू बाहेर येतं. पुनरुत्थान समजावायला शिक्षकांना याहून सोयीचं उदाहरण मिळत नाही, त्यामुळे ते ईस्टरच्या सुमारास जमवायची धडपड असते. कीटक पंचांग पाळत नाहीत. खोली थंड असली की कोश रेंगाळतो, उबदार असली की घाई करतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी कुलूप लागल्यावर नेमकी तीन फुलपाखरं निघतात.

निघताना ती लालसर द्रव टाकतात. पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांना ते रक्त वाटतं आणि एखादं मूल रडायला लागतं. कोशातल्या काळात साठलेला तो टाकाऊ द्रव आहे, हे बाई समजावतात. पंख अजून ओले, चुरगळलेले असतात. त्यांत शरीरातला द्रव भरून ते ताठ व्हायला वेळ लागतो, आणि तोवर हात लावायचा नाही. सात वर्षांच्या वीस मुलांना हात लावू न देणं हे त्या आठवड्यातलं सर्वांत कठीण काम.

बाहेर वाफे असतात. मुलांच्या हाती माती द्यावी हा विचार फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकानं १९व्या शतकात पद्धतशीरपणे राबवला. त्याचे वडील लुथरन पाळक होते. त्याच्या बालोद्यानात प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा असे, आणि त्यांच्याभोवती सगळ्यांचे मिळून सामाईक वाफे. आजच्या शाळांत जागा कमी, म्हणून बहुधा सामाईक वाफेच उरलेत.

दक्षिण गोलार्धात मात्र बी, कोंब, फुलपाखरू ही सगळी भाषा उलटी पडते. ऑस्ट्रेलियात ईस्टर येतो तो शरद ऋतूत, पानं गळताना. तिथल्या शिक्षकांना पुनरुत्थान सांगायला वेगळी वाट शोधावी लागते.

[पडद्यावर: रांगेत उभा मुलगा, छातीवर हातांची फुली.]

वर्गातली सगळी मुलं ख्रिस्ती असतात असं नाही. अनेक देशांत अशा शाळांमध्ये इतर धर्मांची आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या घरांतली मुलंही मोठ्या संख्येनं असतात. इंग्लंडमध्ये मुलाला सामूहिक उपासनेतून बाजूला ठेवण्याचा पालकांना कायद्यानं हक्क आहे. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य उपासनेत, ज्यांना ख्रिस्तप्रसादाची भाकर घ्यायची नसते, ती मुलं छातीवर हातांची फुली करून पुढे जातात आणि आशीर्वाद घेऊन परततात. राख मात्र कुणीही घेऊ शकतं. या मुलांना कुठे बसवायचं, त्यांना काय काम द्यायचं, यावरून शाळेचा स्वभाव कळतो. काही ठिकाणी त्यांना ग्रंथालयात एकटं पाठवतात. काही ठिकाणी पडदा ओढणं, दिवे लावणं त्यांच्याकडे असतं. मला विचाराल तर दुसऱ्या प्रकारच्या शाळेत मी माझं मूल घालीन.

पवित्र सप्ताह, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, जवळ आला की गडबड वाढते. झावळ्यांची मिरवणूक निघते, लहान मुलं झावळीनं तलवारबाजी करतात आणि त्यांना आवरायला दोन शिक्षिका खास नेमाव्या लागतात. मोठ्या वर्गातली मुलं क्रुसाच्या वाटेची १४ स्थानकं, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरचे प्रसंग, उभी करतात. येशूचं काम कुणाला मिळणार यावर कुजबुज होते, पण सर्वांत जास्त मागणी रोमी शिपायांच्या कामाला. शिरस्त्राण मिळतं ना!

आणि मग शाळा बंद होते.

ज्या दिवसासाठी एवढं सगळं, तो दिवस शाळेत उगवतच नाही. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वर्गांना कुलूप असतं, ईस्टरच्या सकाळी प्रत्येक मूल आपापल्या घरी, आपापल्या चर्चमध्ये. शाळेच्या वाट्याला येते ती तयारी. झावळ्या जाळणं, पेटी पुरणं, नाणी मोजणं हेच शाळेचं सार्वजनिक जीवन. सणाच्या दिवशी माणसं शेजारी बसतात. तयारीत मात्र एकमेकांवाचून अडतं.

[पडद्यावर: सुट्टीनंतरचा पहिला दिवस. बागेत फावडी घेतलेली मुलं.]

चर्चच्या हिशेबात ईस्टर एका दिवसात संपत नाही. पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, ५० दिवस तो चालतो, आणि शाळांना ही मोठीच सोय आहे. परतल्यावर पेटी खणायची असते. ती नेमकी कुठे पुरली यावर वाद होतात. सापडली की सहा आठवडे दाबलेला शब्द एकदम फुटतो, सुरात म्हणणं कुणाला जमत नाही आणि कुणी जमवायलाही सांगत नाही.

कॅथलिक शाळांत याच दिवसांत दुसरी-तिसरीच्या मुलांचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं, असतं. पूर्वी त्यासाठी दहा-बारा किंवा त्याहूनही मोठं वय लागे. १९१० साली पोप दहावे पायस यांनी ते सातच्या आसपास आणलं, आणि त्या एका निर्णयानं प्राथमिक शाळेचा वसंत बदलून गेला.

याच महिन्यांत पुढच्या वर्षाचे प्रवेशअर्जही निघतात. पैशाचा प्रश्न देशागणिक वेगळा. नेदरलँड्सच्या राज्यघटनेनं १९१७ पासून धार्मिक शाळांनाही सरकारी शाळांइतकाच निधी दिला. अमेरिकेत मोठा भार फी आणि देणग्यांवर असतो. तिथल्या कॅथलिक शाळांत १९६०च्या दशकात ५० लाखांहून अधिक मुलं होती, आज २० लाखांहूनही कमी आहेत. नाममात्र मानधनावर शिकवणाऱ्या सिस्टर्स, म्हणजे नन, कमी झाल्या, पगारी शिक्षक आले, फी वाढली, आणि वस्त्याही शहरातून उपनगरांकडे सरकल्या. त्यामुळे वसंतातल्या धावण्याच्या शर्यती आणि गाण्याच्या कार्यक्रमांमागे निधीचं गणित असतं. धावणाऱ्या मुलाला ते माहीत नसतं, शाळेच्या हिशेबनिसाला पुरतं माहीत असतं.

[पडद्यावर: सभागृह. वसंत-मैफल नुकतीच संपलेली.]

कार्यक्रम झाला. पहिलीच्या मुलांनी दुसरं कडवं दोनदा म्हटलं, पियानोवाल्या बाईंनी निमूट मागे जाऊन त्यांना गाठलं. आता खुर्च्या उचलायच्या आहेत. हे कुणी सांगत नाही. जुने पालक कोट बाजूला ठेवून ओळी मोडायला लागतात. एक बाबा पाच-पाच खुर्च्या रचतो, दुसरा त्याला चारच रच म्हणून दटावतो, मागच्या वर्षी रास कोसळली होती. दाराशी एक नवं जोडपं उभं आहे, पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा म्हणून शाळा पाहायला आलेलं. कार्यालय कुठे, असं ते खुर्च्या उचलणाऱ्या एका आईला विचारतात.

“सांगते. आधी या टेबलाचं ते टोक धरा बरं.”

टेबल उचललं जातं. दारातून तिरकं न्यावं लागतं.