दोनदा हरूनही चॅम्पियन: ओहायो स्टेटचा 2024चा सीझन

नमस्कार मंडळी. आज सुरुवात एका भागाकाराने. 77 भागिले 26. उत्तर तीनला किंचित कमी.

30 नोव्हेंबर 2024. ओहायो स्टेट, म्हणजे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची फुटबॉल टीम, घरच्या मैदानावर मिशिगन विद्यापीठाविरुद्ध 26 वेळा बॉल पोटाशी धरून पळाली आणि मिळाले एकूण 77 यार्ड. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात. दहा यार्ड म्हणजे क्रिकेटच्या पिचच्या निम्म्याहूनही कमी. एका प्रयत्नाला म्हणतात डाउन. आता हिशोब बघा: तीन डाउन, प्रत्येकी तीन यार्ड, झाले नऊ. एक यार्ड राहिला. चौथ्या डाउनलाही तो नाही निघाला तर बॉल जागच्या जागी समोरच्यांचा. म्हणून बहुतेक टीम तिथे लांब किक मारून मोकळ्या होतात. मधल्या फळीतून तीन-तीन यार्ड ओरबाडणं दिसतं मर्दानी, पण हाती काही लागत नाही.

मिशिगन त्या दिवशी 6 विजय, 5 पराभव घेऊन आली होती. निकाल 13-10, मिशिगन. ओहायो स्टेटचे दोन फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारायच्या किक, हुकले, दोन पास समोरच्यांनी पळवले. दुसऱ्या हाफमध्ये पॉइंट शून्य.

(पडद्यावर: पाच जणांची लाइन)

असं का झालं? ही लाइन बघा, समोरच्यांना अडवणारी भिंत. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, बाहेर टॅकल. डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्येच जखमी होऊन सीझनबाहेर. सेंटर सेथ मॅक्लॉक्लिन नोव्हेंबरमध्ये गेला. डावा गार्ड डोनोवन जॅक्सन टॅकलच्या जागी सरकवला. म्हणजे भिंतीच्या विटा काढून दुसरीकडे लावलेल्या. आणि समोर मिशिगनच्या बचावातले मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोघेही पुढे ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीच्या, पहिल्याच फेरीत गेले. नेमकं त्यांच्याच अंगावर पळत राहायचं! बाहेर कडेला पहिल्या वर्षाचा जेरेमाया स्मिथ उभा, त्याच्याकडे लांब पास फारसे गेलेच नाहीत. कोच रायन डे यांच्यावर टीका झाली, ती रास्तच होती.

आधीचा पराभव वेगळ्या जातीचा. ऑक्टोबरमध्ये ओरेगनकडून 32-31. शेवटची 10 सेकंदं, बॉल ओहायो स्टेटकडे, आणि ओरेगनचे मैदानात 11 ऐवजी 12 जण. पास अडला. दंड फक्त 5 यार्डांचा, पण त्या प्रयत्नात गेलेली 4 सेकंदं गेलीच. उरली 6. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, विल हॉवर्ड पळाला, घसरत खाली बसला, तोवर घड्याळ शून्यावर. फील्ड गोलला वेळच नाही. काही दिवसांतच नियमात दुरुस्ती आली: शेवटच्या दोन मिनिटांत असं झालं, तर दंडासोबत घड्याळही मागे नेता येईल.

दोन पराभव म्हणजे आधीच्या पद्धतीत खेळ खलास. चॅम्पियन ठरवणाऱ्या चार टीमच्या प्लेऑफमध्ये दोन वेळा हरलेली टीम कधीच पोचली नव्हती. 2024 पासून टीम झाल्या 12. ओहायो स्टेटला आठवं मानांकन. पहिल्या चौघांना बाय, बाकीच्यांची एक फेरी जास्त. गंमत म्हणजे बाय मिळालेल्या चारही टीम आपापला पहिलाच सामना हरल्या.

मिशिगननंतर तीन आठवडे मिळाले. नवीन खेळाडू आणता येत नाहीत, ते काम सीझनआधीच झालेलं: हॉवर्ड कॅन्सस स्टेटमधून, केलेब डाउन्स अलाबामातून, क्विनशॉन जडकिन्स ओल मिसमधून. खेळाडूंवरचा खर्च सुमारे 2 कोटी डॉलर, असं खुद्द विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितलेलं. बदलता येत होता तो क्रम. आधी कडेला फेका. बचाववाले मागे आणि बाहेर पांगतात, मग मधून पळा.

टेनेसीविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये 21-0, शेवटी 42-17. पुढच्या फेरीत, रोझ बोल नावाच्या सामन्यात, तीच ओरेगन, आणि स्कोअरबोर्डवर एका क्षणी 34-0! स्मिथचे 187 यार्ड. मधली जागा मोकळी झाल्यावर ट्रेव्हेयॉन हेंडरसन 66 यार्ड पळून टचडाउन करून आला, म्हणजे बॉल थेट समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार. सामना 41-21.

सेमीफायनलमधली टेक्सास हुशार निघाली. स्मिथला असं बांधून टाकलं की त्याला अख्ख्या सामन्यात एकच कॅच, 3 यार्डांचा. पण एकावर इतकी माणसं लावली की दुसरीकडे खिंडार पडतंच. पहिला हाफ संपता संपता स्क्रीन पास आला.

(पडद्यावर: स्क्रीन पास, सावकाश)

यात लाइन मुद्दाम हल्लेखोरांना आत येऊ देते. क्वार्टरबॅक मागे सरकतो, ते सगळे त्याच्यामागे. शेवटच्या क्षणी त्यांच्या डोक्यावरून छोटासा पास, आणि झेलणाऱ्यापुढे आपलीच माणसं रस्ता करत पळतात. हेंडरसन, 75 यार्ड, टचडाउन.

शेवटी टेक्सास गोलरेषेपासून 1 यार्डावर, मागे 7 पॉइंटांनी. दुसऱ्या डाउनला त्यांनी सरळ घुसण्याऐवजी बॉल बाजूला फेकून वळसा घेतला आणि 7 यार्ड मागे गेले. सगळ्या सीझनमधला सर्वांत महागडा वळसा, बहुतेक. चौथ्या डाउनला ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने क्वार्टरबॅकच्या हातून बॉल उडवला, स्वतःच उचलला आणि 83 यार्ड पळाला. 28-14.

20 जानेवारी 2025, अटलांटा, फायनल. नोत्र दामने पहिल्याच हल्ल्यात 18 प्रयत्न खेळून टचडाउन केला. मग ओहायो स्टेट 31-7 पुढे, आणि तिथून घसरत 31-23. तिसरा डाउन, 11 यार्ड हवेत. मिशिगनविरुद्धचा तीन यार्डांचा आकडा आठवा. इथे पळून भागणार नव्हतं. नोत्र दामने क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडली, स्मिथसमोर एकच बचाववाला उरला. हॉवर्डने लांब फेकला, 56 यार्ड.

26 सेकंद बाकी असताना 33 यार्डांवरून फील्ड गोल. 34-23. मारणारा जेडेन फील्डिंग. मिशिगनविरुद्ध हुकलेल्या दोन्ही किक त्याच्याच.