हिरव्या पिरॅमिडच्या आत

इंग्लंडमधल्या एका बागेतलं हे सगळं एकच कुंपण आहे. यू नावाच्या सदाहरित झाडांचं. छाटून छाटून त्याला पिरॅमिडचा आकार दिलाय, आणि दाराशी राखणीला दगडी स्फिंक्स.

आत अंधार. बोळात थोडं पुढं गेलं की तांबूस उजेडात एक वानर दिसतं, इजिप्तच्या थॉथ देवाचं रूप. दुसऱ्या दारानं बाहेर पडावं आणि मागं वळून बघावं, तर पिरॅमिड गायब! मागं उभं असतं लाकडी चौकटींचं गावठी इंग्रजी घर. त्यावर साल, १८५६.

ही स्टॅफर्डशायरमधली बिडल्फ ग्रेंजची बाग. आजोबांनी कोळसा आणि लोखंडात कमावलं, नातवानं ते झाडांत घातलं. नातू म्हणजे जेम्स बेटमन. ऑर्किडचं वेड इतकं, की १८६२ मध्ये त्यांनी मादागास्करचं एक ऑर्किड थेट डार्विनकडे धाडलं. फुलाची मधाची नळी फूटभर लांब. डार्विन म्हणाला, एवढ्याच लांब सोंडेचा पतंग तिथं असणार. तो सापडला, पण डार्विन गेल्यावर.

बागेच्या आखणीत बेटमनच्या जोडीला होते एडवर्ड कुक, समुद्राची चित्रं काढणारे चित्रकार. बागेचा एकेक भाग म्हणजे एकेक देश. युक्ती साधी: एका देशातून दुसरा देश दिसू द्यायचा नाही. मध्ये खडक, भुयारं, कुंपणं. म्हणून पंधरा एकरांत जग मावलं.

खडकांतल्या या अंधाऱ्या वाटेनं आपण चीनमध्ये येतो. लाल-सोनेरी देऊळ, तळ्यावर लाकडी पूल, आणि छत्राखाली ही सोनेरी म्हैस. म्हशीला एवढा मान आपल्याकडेही नाही! पलीकडं हिमालयाची घळ, तिथं रोडोडेंड्रॉनची फुलझाडं. आणि ही मुळं वर करून उलटी रचलेली झाडांची खोडं. हीसुद्धा बागच.

पुढं पैसा आटला, बेटमन बाग सोडून गेले, १८९६ मध्ये घर जळालं, नव्यानं उभं राहिलं, त्यात इस्पितळ आलं.

इस्पितळाच्या काळात डेलियांची ही वाट मातीखाली गेली. १९८८ मध्ये बाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली, आणि ट्रस्टनं ती वाट उकरून काढली. पुराणवस्तू खणतात तशी, जुन्या कडा शोधत. मग यूची कुंपणं पुन्हा लावायची. रोप हातभर, आणि भिंत व्हायला वर्षानुवर्षं. बागेचा जीर्णोद्धार म्हणतात तो हा.

आता बघा. कुंपणांच्या कप्प्याकप्प्यांत डेलिया. हा गडद लाल, जवळजवळ काळा. त्याच्या पाकळ्यांत एक भुंगा डोकं खुपसून बसलाय.