सहा नंबर कुठे गेला?

टीव्हीवरची ही चॅनेलं शोधण्याची पट्टी बघा. शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत सरकायला चांगली दहा मिनिटं घेते. न्यू जर्सीत, प्लेन्सबरोमधलं हे घर. काकांनी केबल बंद केली, खिडकीला हा कागदासारखा चपटा अँटेना चिकटवला. सकाळपासून हा तिसरा स्कॅन. बाकी चॅनेलं आली, फिलाडेल्फियाचा सहा नंबर काही येत नाही.

सेटिंगमध्ये ‘केबल’ नाही, ‘अँटेना’च आहे. वायरीचं टोक उघडून पाहिलं. आतली तार सरळ आहे. आता अँटेना काढून एक रिकामा स्कॅन, म्हणजे टीव्हीतली जुनी यादी पुसली जाते. मग जोडून पुन्हा एकदा.

पुष्कळदा हरवलेली चॅनेलं इथेच सापडतात. कारण 2017 ते 2020 या काळात अमेरिकेत जवळपास हजार टीव्ही केंद्रांनी हवेतली जागा, म्हणजे सिग्नलची लहर, बदलली. या लहरींना नंबर असतात; त्यातले 38 ते 51 हे सरकारने लिलावात मोबाइलसाठी दिले आणि टीव्हीवाल्यांना खाली सरकून बसावं लागलं. पडद्यावर मात्र जुनेच आकडे. न्यूयॉर्कचा दोन नंबर खरा चालतो 36 वर! टीव्ही बिचारा जुन्या पत्त्यावर शोधत बसतो.

सहाचं दुखणं निराळं. तो पडद्यावर सहा आणि हवेतही सहाच. 82 ते 88 मेगाहर्ट्झ. तो जिथे संपतो तिथे एफएम सुरू होतं. ॲनालॉगच्या दिवसांत त्याचा आवाज लोक गाडीच्या रेडिओवर 87.7 ला ऐकायचे. 12 जून 2009 ला तो डिजिटल झाला आणि फिलाडेल्फियातल्याच बऱ्याच घरांतून गायब झाला. पुढे केंद्राला ताकद वाढवायची परवानगी मिळाली.

ही लहर साडेतीन मीटर लांब. तिला नीट धरायला तिच्या निम्मा, पावणेदोन मीटरचा अँटेना हवा. काकांचा हा कागद? टेप लावली. तेहतीस सेंटीमीटर. खोक्यावर मात्र ‘200 मैल’ छापलंय. पृथ्वी गोल आहे, इतक्या लांबचा टॉवर क्षितिजाखाली जातो, हे छापणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवं.

कंटाळून काही जण पुन्हा केबलचं बिल भरायला लागतात.

माळ्यावरून काय निघालं बघा. दोन दांड्यांचा जुना अँटेना, धुळीसकट. काका दांड्या ‘व्ही’सारख्या उभ्या करतात, सवयीने. नाही काका, पूर्ण ओढा आणि आडव्या करा. टॉवर फिलाडेल्फियातल्या रॉक्सबरोला, नैर्ऋत्येला. दांड्यांची टोकं तिकडे नकोत, रुंद बाजू तिकडे हवी. शेजारचा एलईडी दिवा बंद केला. सिग्नलचा आकडा उड्या मारत होता, तो थांबला.

चपटा अँटेनाही राहू दिलाय, वरच्या नंबरांसाठी. दोघांच्या वायरी एका कंबायनरमध्ये, म्हणजे दोन सिग्नल एकत्र करणाऱ्या डबीत.

सहा-एक. बातम्या चालू आहेत.

दांड्यांनी खिडकी या टोकापासून त्या टोकापर्यंत अडवलीय. पडदा आता अर्धाच सरकतो. काकूंनी अजून पाहिलेलं नाही.