आधी बरगड्यांवर हात, मग पिशवीवर नजर

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, कार्यक्रमपत्रिकेवर ‘बारीक पण चपळ कुत्र्यासाठी आहाराची निवड’ असा विषय छापला आहे आणि त्याकडे मी निश्चितपणे येणार आहे. मात्र ‘बारीक’ या शब्दाशी माझे जुने भांडण आहे, आणि ज्यांच्या घरी असा कुत्रा आहे त्यांना ते मी सांगण्यापूर्वीच कळले असेल.

आमचा कुत्रा 16 किलोचा, लांब पायांचा, खोल छातीचा आणि पोट वर खेचलेले, असा आहे. रोज दोन तास तो मोकळा धावतो. सकाळी फिरायला येणारे एक गृहस्थ त्याच्याकडे पाहून मला दररोज विचारत, ‘याला काही खायला घालता, की नुसतेच पळवता?’ पहिल्या महिन्यात मी हसून दुर्लक्ष केले, दुसऱ्या महिन्यात त्यांना ग्रेहाउंड आणि सालुकी या जातींच्या अंगकाठीबद्दल माहिती दिली, आणि तिसऱ्या महिन्यात, सांगायला लाज वाटते, घरी जाऊन मी कुत्र्याचे भांडे काठोकाठ भरू लागलो. स्वतःच्या वजनाबद्दल कोणी बोलले तर मी आजवर एक घासही कमी केलेला नाही; कुत्र्याबद्दल बोलले की मात्र अब्रूचा प्रश्न होतो.

त्यासाठी मी जे खाद्य निवडले, त्याच्या पिशवीवर झेपावणाऱ्या कुत्र्याचे चित्र होते आणि खाली ठळक अक्षरांत ‘सक्रिय श्वानांसाठी’ असे लिहिलेले होते. तीन आठवडे तो ते भरपेट खात राहिला. परिणाम असा झाला, की दिवसातून दोनदा होणारी शी पाच वेळा आणि पातळ होऊ लागली, आणि वजन 16 वरून 15 किलोवर आले. अखेरीस मी पिशवी उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली. स्निग्धांश 9 टक्के, तंतू भरपूर, आणि 100 ग्रॅममध्ये 320 किलोकॅलरी. त्याच कंपनीच्या साध्या, चित्राविना विकल्या जाणाऱ्या खाद्यात 400 होत्या. पिशवीचा पुढचा भाग माणसासाठी छापतात आणि मागचा कुत्र्यासाठी. दुर्दैवाने वाचता येते ते फक्त माणसाला, आणि तो पुढचाच भाग वाचतो.

त्या गृहस्थांना उत्तर म्हणून मी नंतर एक अभ्यास पाठ करून ठेवला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 48 लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून, जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न जन्मभर दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य 13 वर्षे, तर दुसऱ्या गटाचे 11.2 वर्षे भरले, आणि सांधेदुखीवरील उपचारही सडपातळ कुत्र्यांना उशिरा लागले. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘तरी पण बरगड्या दिसतात हो.’

बरगड्या दिसतात, हे खरे आहे. आखूड केसांच्या, धावत्या बांध्याच्या कुत्र्याच्या शेवटच्या दोनतीन बरगड्या दिसणे स्वाभाविक असते. म्हणून पशुवैद्य डोळ्यांवर विसंबत नाहीत, हात लावून पाहतात. आपण सर्वांनी आत्ता एक हात सपाट धरून त्याच्या पाठीवरून दुसऱ्या हाताची बोटे फिरवावीत. बरगड्या अशा लागल्या तर ठीक. आता मूठ वळून उंचवट्यांवरून बोटे फिरवा. तशा लागल्या तर कुत्रा खरोखर खंगला आहे. तळहातासारख्या दबून लागल्या तर आपले व्याख्यान चुकले आहे, पुढच्या महिन्यात स्थूल कुत्र्यांवर आहे. नऊ अंकांच्या देहस्थितीमापनात 4 आणि 5 हे अंक योग्य मानतात. याबरोबर मांड्यांचे आणि पाठीच्या कण्यालगतचे स्नायूही चाचपावेत, कारण चरबी कमी असणे आणि स्नायू झिजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. सात मिनिटे उरली आहेत, आणि मुख्य विषय जवळजवळ पूर्ण शिल्लक आहे. तेव्हा थोडे वेगाने घेतो.

भरपूर खाऊनही वजन घटत असेल, तर खाद्य बदलण्याआधी पशुवैद्याकडे शी तपासून घ्यावी. जंत असू शकतात, किंवा स्वादुपिंड पाचकरस पुरेसे तयार करत नसेल, आणि हा दोष जर्मन शेफर्डमध्ये विशेष आढळतो. तपासणी स्वच्छ आली की गणित करावे. वजनाचा घन करून गणनयंत्रावर वर्गमुळाची कळ दोनदा दाबावी आणि 70 ने गुणावे: 16 चा घन 4096, वर्गमूळ 64, पुन्हा वर्गमूळ 8, म्हणून 560 किलोकॅलरी. ही विश्रांतीची गरज झाली. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला साधारण 1.6 पट, न झालेल्याला 1.8 पट आणि खूप राबणाऱ्याला 2 पट किंवा त्याहून अधिक लागते. बर्फावरून शर्यतीत गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांची गरज दिवसाला 10,000 किलोकॅलरीपर्यंत जाते. हा आकडा केवळ प्रारंभबिंदू आहे, कारण एकाच वजनाच्या दोन कुत्र्यांच्या गरजेत बराच फरक असतो.

आमच्या कुत्र्याला दुपटीने 1120 लागतात. माझ्या त्या चित्रमय खाद्यातून यासाठी 350 ग्रॅम द्यावे लागे, आणि 400 वाल्यातून 280 पुरतात. सारी निवड या फरकात आहे: कमी आकारमानात जास्त ऊर्जा हवी, आणि ती मुख्यतः स्निग्ध पदार्थांतून येते, कारण प्रथिने व कर्बोदके ग्रॅमला सुमारे 3.5 किलोकॅलरी देतात, तर स्निग्ध पदार्थ 8.5. कोरड्या खाद्यात स्निग्धांश 15 ते 20 टक्के आणि प्रथिने 25 टक्क्यांच्या वर असावीत. डबाबंद ओल्या खाद्यावर 8 टक्के प्रथिने पाहून नाक मुरडू नये. त्यात 78 टक्के पाणी असेल, तर उरलेल्या 22 भागांत 8, म्हणजे 36 टक्के होतात. ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असा उल्लेख मात्र असलाच पाहिजे. नुसते मांस घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की त्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते.

घंटा वाजली, दोनच वाक्ये. नवे खाद्य सात ते दहा दिवसांत हळूहळू वाढवत जुन्याची जागा घेऊ द्यावे, कारण एकदम वाढवलेले स्निग्ध पदार्थ पोट बिघडवतात आणि काही कुत्र्यांना स्वादुपिंडदाहही होऊ शकतो. आणि खोल छातीच्या कुत्र्याला एकच मोठे जेवण न देता दोनतीन लहान जेवणे द्यावीत, तीही धावण्याच्या ऐन आधी किंवा लगेच नंतर नकोत, कारण पोट फुगून पीळ पडणे ही काही तासांत जीव घेणारी आपत्ती आहे.

प्रश्नांसाठी पाच मिनिटे आहेत, असे अध्यक्ष सांगत आहेत. आमच्या कुत्र्याचे वजन परवा 16 किलो 200 ग्रॅम भरले, आणि त्याच दिवशी त्या गृहस्थांनी नेहमीचाच प्रश्न विचारला.