फोटोच्या कडेला उभी असलेली माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सातारा-सांगलीकडं जुन्या घरात शिरलं की सोप्याच्या भिंतीवर फोटोंची ओळ दिसते. दोरीनं पुढं कललेले, काचेवर धुराचा पिवळा थर चढलेले. कुणी लष्करी पोशाखात ताठ उभा, कुणी दूरच्या शहरातल्या स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढं बसलेला. खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगली. पाटण-जावळीतली मुंबईला गिरण्यांत राबायला, ओझी उचलायला गेली. मनिऑर्डरीबरोबर कधीमधी त्यांचा फोटोही गावी यायचा. अशा किती फोटोंच्या पाठी कोऱ्याच आहेत! फोटोत कोण कोण आहे हे सांगू शकतील अशी माणसं आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. म्हणून हे बोलणं मला पुढच्या वर्षावर टाकायचं नव्हतं.

मोठ्यांचं जपलं गेलंय, आणि ते चांगलंच झालं. औंधला यमाईच्या डोंगरावर राजेसाहेबांनी उभं केलेलं संग्रहालय आजही बघायला मिळतं. पण आपल्या भागाचा मोठा इतिहास साध्या माणसांच्या तोंडीच राहिलाय. इंग्रजांविरुद्ध आपल्या भागात चाललेल्या प्रतिसरकारचंच घ्या. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली, हे पुस्तकांत आहे. नाना पाटील, जी. डी. बापू लाड ही नावं आपल्याला पाठ आहेत. पण मागं वॉरंट लागलेला माणूस फोटो कशाला काढून घेईल? आणि रात्री उसाच्या फडात भाकरी पोचवणाऱ्या बायांचा फोटो कोण काढणार? ते सगळं आठवणीतच आहे. ज्यांनी लहानपणी ते डोळ्यांनी बघितलं, ती माणसंही आता थोडकी उरलीत.

खानापूर तालुक्यातल्या एका आजींनी मला एक फोटो दाखवला होता. जत्रेत आलेल्या फोटोवाल्यानं काढलेला. खुर्चीवर वर्षा-दीड वर्षाचं पोर, कपाळावर काजळाची तीट. आणि फोटोच्या अगदी कडेला बांगड्या भरलेला नुसता एक हात, पोराचा दंड धरून. घरातली सगळी पोराबद्दल बोलत होती. तो मुलगा पुढं मास्तर झाला. मी हाताचं विचारलं, तशा आजी म्हणाल्या, “ही व्हय? ही माझी धाकली जाऊ. पोरगं माझं, पर मी दुष्काळी कामावर, खडी फोडाय. दूध हिनंच पाजलं त्याला. फोटोवाला म्हणला, बाई तुमी सरका, तर पोरगं रडाय लागलं. मग हात तेवढा ऱ्हायला.”

आणि मग त्या १९७२ च्या दुष्काळाचं बोलत राहिल्या. तळावर मिळणारी सुकडी, लाल मिलोच्या भाकरी, अंगठ्यावर पडलेले हातोडीचे घाव, तान्ह्या पोरांना सांभाळायला घरी कुणी राहायचं यावरून सासूशी झालेली भांडणं. रोजगार हमी योजना वि. स. पागे यांची, आणि ती आधी १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूरकडं राबवून बघितली, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगायलाच हवं. पण आई खडी फोडायला गेली की पोराला दूध कुणी पाजायचं, हे त्या जावेच्या हातानं सांगितलं.

तेव्हा जुना फोटो दाखवून म्हाताऱ्या माणसांना बोलतं करताना मधल्या खुर्चीवरच्या हारवाल्या पाहुण्यांना बाजूला ठेवा आणि कडेच्या माणसाबद्दल आधी विचारा. “हे कोणत्या सालचं?” असं विचारलंत तर म्हातारं माणूस गप्प होतं. “भूकंपाच्या आधीचं का नंतरचं?” म्हटलं की बोलायला लागतं. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, तो कोण विसरेल? “थोरली चालत होती का तेव्हा? बेंदूर झाला होता का?” असंही विचारा. त्यातून साल जवळपास नेमकं मिळतं.

काही आठवणी अवघड असतात. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर आपल्या गावोगाव झालेली जाळपोळ, धरणाखाली गेलेली घरं, पाणवठ्यावर कुणाला उभं राहू दिलं नाही ते. त्याही विचाराव्यात, पण माणूस म्हणेल तिथं थांबावं. आणि “हे बाहेर सांगू नका” म्हणालं तर ते सांगायचं नाही.

फोनवर रेकॉर्डिंग करा, पण पंखा आणि टीव्ही बंद करून. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव म्हणा. मग फोटो त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. एवढं जमलं की निम्मं काम झालं. फोटोचा फोटो दाराजवळच्या उजेडात, फ्लॅश न मारता घ्या. व्हॉट्सअॅपवर नुसता टाकला तर तो बारीक होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पाठीमागं नाव लिहायचं ते हलक्या हातानं शिसपेन्सिलीनं. पेननं नको. गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथं फोटो पाकिटात घालून पाकिटावर लिहा. लॅमिनेशन मात्र कधीच करू नका, तो प्लॅस्टिकचा थर पुन्हा निघत नाही.

कृष्णा-वारणाकाठच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला हवं. २००५ आणि २०१९ च्या पुरात घराघरांतले अल्बम चिखलात गेले. पुन्हा तशी वेळ आली तर चिकटलेले फोटो ओढून काढू नका, उन्हातही टाकू नका. स्वच्छ गार पाण्यात भिजू द्या, हळूहळू सुटतात. मग चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा. आणि आत्ताच, कोरड्या दिवसांत, पेटी माडीवर न्या. एक प्रत दुसऱ्या गावातल्या लेकीकडं किंवा भावाकडं ठेवा.

मूळ फोटो घरीच राहू दे. प्रत आणि रेकॉर्डिंग गावच्या वाचनालयात किंवा शाळेत द्या, सोबत नावांची यादी द्या. जुनी कागदपत्रं धुंडाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. आणि यादी करताना बाईच्या जागी “अमक्याची बायको”, “तमक्याची आई” असं लिहू नका. तिचं स्वतःचं नाव विचारा, माहेरचं गाव विचारा आणि दोन्ही लिहा.

नमस्कार.